अठरा वर्षांची गोळी आणि अकरा पानांचा रिपोर्ट

पिंपरी-चिंचवडच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वडील ७३ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. कराडजवळच्या गावी आईबरोबर राहतात. ब्लडप्रेशर जुनं आहे, गोळ्यांनी आटोक्यात आहे. पंचावन्नाव्या वर्षी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ‘रक्त पातळ राहावं’ म्हणून ऍस्पिरिनची ७५ मिलिग्रॅमची गोळी सुरू केली, ती आजतागायत चालू आहे. हार्ट अटॅक, अर्धांगवायू, अँजिओप्लास्टी यातलं काहीही कधी झालेलं नाही. ते डॉक्टर गेल्या वर्षी वारले. नवे डॉक्टर म्हणतात, ही गोळी आता थांबवू. वडिलांना ते मान्य नाही. ‘अठरा वर्षांत मला काही झालं नाही, ते कशामुळे?’ असं ते उलट विचारतात. कोलेस्टेरॉलची गोळी मात्र त्यांनी कोणाला न सांगता बंद केली, कारण तिने स्नायू झिजतात असं व्हॉट्सॲपवर आलं होतं आणि यांच्या पोटऱ्याही दुखत होत्या. गुडघे दुखले की मेडिकलमधून ‘निळ्या पाकिटातली’ गोळी आणून घेतात. डॅलसमधल्या भावाने ८० चाचण्यांचं पॅकेज बुक केलं. ११ पानांचा रिपोर्ट आला, त्यात सात आकडे ठळक छापलेले. आता तो संपूर्ण शरीराचा एमआरआय करा म्हणतोय. ‘कालपर्यंत चांगली असलेली गोळी आज वाईट कशी झाली? संशोधन असं रोज फिरत असेल तर विश्वास कशावर ठेवायचा? आणि बाबांना समजवायचं कोणी?’ असे त्यांचे प्रश्न आहेत. पत्रासोबत रिपोर्टचे फोटो आहेत.

नमस्कार,

तुमच्या तिन्ही प्रश्नांकडे येते. पण आधी तुम्ही जे विचारलंच नाही तिथून सुरुवात करते, कारण त्याची घाई आहे.

रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर हिमोग्लोबिन १०.९ आहे. खाली एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, ७१. पत्रात तुम्ही यावर अर्धं वाक्य खर्च केलंत: ‘हिमोग्लोबिन थोडं कमी आहे, पण ते आमच्या घरात सगळ्यांचंच असतं.’ आणि पुढचं पाऊण पान व्हिटॅमिन डी आणि सीआरपीवर, म्हणजे शरीरात कुठे दाह असला की वाढणाऱ्या आकड्यावर. तुम्ही फोटो काढलात तेव्हा टेबलावर बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची फाईल उघडी होती. तिचा कोपरा फोटोत आलाय. मोठा करून पाहिला. दोन वर्षांपूर्वी त्यांचं हिमोग्लोबिन १३.६ होतं.

‘सगळ्यांचंच असतं’ हे घरातल्या बायकांबद्दल खरं असेलही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता. त्र्याहत्तरीच्या पुरुषाला तो हिशेब लावता येत नाही. दोन वर्षांत पावणेतीन ग्रॅम उतरलेत आणि पेशीही लहान झाल्यात. सरळ संशय असा की शरीरातून लोह कुठून तरी गळतंय, आणि या वयात ते ‘कुठून तरी’ बहुधा जठर किंवा आतडं असतं.

हे मी ठासून लिहिते, कारण मी इथे एकदा सपशेल चुकलेय. प्रॅक्टिसला वीसेक वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. गुळाचे एक व्यापारी माझ्याकडे यायचे, साठीच्या पुढचे. दमायला होतं म्हणाले, हिमोग्लोबिन कमी आलं. मी लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक लिहून दिलं आणि पाठ थोपटून घरी पाठवलं. त्यांची ऍस्पिरिन मीच सुरू केलेली होती. तिसऱ्या महिन्यात त्यांची बायको एकटी आली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, ‘डॉक्टर, ह्यांना हल्ली परसाकडं डांबरासारखं होतंय.’ मी म्हटलं, लोहाच्या गोळ्यांनी होतं तसं. होतंही. पण त्यांना तेवढ्यानं होत नव्हतं. आठवड्याभराने पहाटे घरात चक्कर येऊन पडले, तेव्हा जठरातला अल्सर सापडला. वाचले. मला मात्र तो पदर अजून आठवतो.

म्हणून पहिलं काम: हिमोग्लोबिनचे हे दोन आकडे तारखांसह एका कागदावर लिहा आणि या आठवड्यात नव्या डॉक्टरांसमोर ठेवा. ते फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी, सांगतील, आणि बहुतेक दुर्बिणीने जठर आणि मोठं आतडं पाहायला सांगतील. त्याआधी कोणी लोहाच्या गोळ्या दिल्या तर घ्यायला हरकत नाही, पण गळती शोधायची सोडून नुसतं टॉनिक पाजत राहू नका. शी डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची झाली, उलटीत रक्त आलं किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही, तडक दवाखान्यात न्यायचं.

आता ऍस्पिरिन. हिमोग्लोबिनचा आणि तिचा संबंध असेलच असं मी पत्रावरून ठरवू शकत नाही, पण संशय घ्यायला जागा नक्की आहे. ही गोळी रक्त ‘पातळ’ करत नाही, तो शब्द आम्हा डॉक्टरांनीच रूढ केलाय. रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून गाठ धरतात, त्यासाठी लागणारं एक विकर (एन्झाइम) ही गोळी कायमचं निकामी करते. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे नवं विकर बनवणं तिला जमत नाही. तिचं सात ते दहा दिवसांचं आयुष्य तसंच संपतं. म्हणून इवलीशी गोळी दिवसातून एकदा पुरते. अडचण अशी की त्याच विकराच्या कामातून जठराच्या अस्तराचं संरक्षण करणारी द्रव्यंही तयार होतात. हृदयातली गाठ टळते त्याच वाटेने जठराचं अस्तर उघडं पडतं. हा मार्ग ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवला, त्यासाठी त्यांना १९८२ चं नोबेल मिळालं. म्हणजे धोका कालपरवा सापडलेला नाही. तो किती लोकांना आणि फायद्याच्या तुलनेत किती, याचं मोजमाप अलीकडचं आहे.

तुमचा पहिला प्रश्न, चांगली गोळी वाईट कशी झाली, यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: गोळी एकतर चांगली असते नाहीतर वाईट. मी तो प्रश्न जरा वळवते. कोणासाठी?

बाबा गणिताचे मास्तर आहेत, म्हणून आकडे देते. २००९ मध्ये ऍस्पिरिनच्या अनेक चाचण्यांतल्या एकेका माणसाची माहिती एकत्र करून हिशेब झाला. आधी हृदयविकार किंवा अर्धांगवायू झालेला नाही अशा माणसांमध्ये वर्षाला दर १० हजारांत ५७ जणांना असा काहीतरी गंभीर प्रसंग येत होता. ऍस्पिरिन घेणाऱ्यांत ५१ जणांना. बातमीत याचं ‘बारा टक्के घट’ होतं, आणि ते खोटं नाही. पण वजाबाकी केली तर १० हजारांत सहा. आता दुसरा गट, ज्यांना आधी असा झटका येऊन गेलाय. तिथे १० हजारांत ८२० होते, ते ६७० झाले. वजाबाकी १५०. गोळी तीच, पण एका गटात सहा आणि दुसऱ्यात दीडशे. रक्तस्रावाचा धोका मात्र दोन्ही गटांच्या पोटाला आहे.

आणि हा धोका वयाबरोबर चढतो. इथे २०१८ ची ‘ॲस्प्री’ नावाची चाचणी येते. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले १९,११४ लोक, बहुतेक सत्तरीच्या पुढचे, हृदयविकार नसलेले. म्हणजे जवळजवळ तुमचे बाबा. निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम ऍस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. पावणेपाच वर्षांनी पाहिलं तर हृदय आणि रक्तवाहिन्यांचे प्रसंग ऍस्पिरिनवाल्यांत ४४८ आणि दुसऱ्या गटात ४७४, म्हणजे योगायोगानेही पडेल इतकाच फरक. मोठे रक्तस्राव त्याच क्रमाने ३६१ आणि २६५, आणि हा फरक योगायोगाचा नाही. २०२३ मध्ये याच लोकांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऍस्पिरिनच्या गटात वर्षाला हजारी ५१ जणांना रक्तक्षय झाला, दुसऱ्या गटात ४३ जणांना. फेरिटिनही ऍस्पिरिनवाल्यांचं जास्त वेगाने उतरलं. मोठा रक्तस्राव वेगळा काढून पाहिला तरी हा फरक उरला. थेंब थेंब गळत असणार, कोणाला न दिसता. बाबांचा १०.९ वाचला तेव्हा माझ्या डोक्यात पहिला आला तो हा अभ्यास.

अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या कृतिदलाने २०२२ मध्ये म्हटलं की साठीनंतर, हृदयविकार नसेल तर, ऍस्पिरिन नव्याने सुरू करू नये. जे आधीपासून घेतायत त्यांनी पंच्याहत्तरीच्या आसपास थांबवण्याचा विचार करावा. तुमच्या नव्या डॉक्टरांनी मनाचं काही सांगितलेलं नाही. त्यांनी तर कदाचित हिमोग्लोबिन पाहायच्या आधीच सांगितलं. आता तो आकडा पाहिल्यावर ते काय म्हणतील याचा अंदाज तुम्हीच करा.

मग जुने डॉक्टर चुकले का? बाबांच्या हट्टामागे मला हाच प्रश्न दिसतो, आणि तो वैद्यकीय नाही. ज्या माणसाने रात्रीबेरात्री घरी येऊन आईला तपासलं, त्याची शेवटची खूण म्हणजे ती गोळी. ती थांबवणं म्हणजे त्याला खोटं ठरवणं, असं त्यांना वाटत असेल. तर त्यांना सांगा की ते चुकले नव्हते. त्या काळी हाती असलेला मोठा आधार म्हणजे १९८९ मध्ये अंतिम निष्कर्ष प्रसिद्ध झालेली अमेरिकेतल्या २२,०७१ पुरुष डॉक्टरांवरची चाचणी. दिवसाआड ऍस्पिरिन घेणाऱ्यांत हार्ट अटॅक ४४ टक्क्यांनी कमी झाले होते. पंचावन्न वर्षांच्या, ब्लडप्रेशर असलेल्या माणसाला ती देणं तेव्हा शहाणपणाचंच होतं. मी स्वतः शेकड्यांनी दिली. मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या. ब्लडप्रेशर आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सगळीकडे पोचल्यामुळे ऍस्पिरिनला वाचवायला उरलेले झटके कमी झाले. आणि बाबा ५५ चे ७३ झाले. विश्वास कशावर ठेवायचा या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे: संशोधन रोज फिरलेलं नाही, मोजमाप नेमकं झालं आणि माणूस बदलला. जुने डॉक्टर आज असते तर त्यांनीही फेरविचार केला असता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

‘अठरा वर्षांत मला काही झालं नाही’ या युक्तिवादाला मी हसणार नाही, कारण एका डॉक्टरानेही तोच केला होता. कॅलिफोर्नियात ग्लेनडेल नावाच्या गावी लॉरेन्स क्रेव्हन हे साधे जनरल प्रॅक्टिशनर होते. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर ऍस्पिरिनचं च्युइंगगम चघळणाऱ्यांना जास्त रक्त येतं, हे त्यांनी हेरलं. रक्त वाहतं त्या अर्थी गाठही धरत नसेल, असा उलटा विचार करून त्यांनी आपल्या पुरुष रुग्णांना ऍस्पिरिन द्यायला सुरुवात केली. १९५० च्या दशकात त्यांनी लिहिलं की सुमारे ८ हजार माणसांत एकालाही अटॅक आला नाही. निरीक्षण अफलातून होतं, आणि दिशाही बरोबर निघाली. पण तुलनेला गोळी न घेणारा गट नव्हता. बाबांच्याकडेही नाही. ऍस्पिरिन न घेतलेले दुसरे बाबा कराडात कुठे राहत नाहीत. वरच्या आकड्यांत, गोळी न घेणाऱ्या १० हजारांपैकी ९,९४३ जणांनाही त्या वर्षी काही झालं नव्हतंच.

इथे इतर वाचकांसाठी थांबते, कारण हे सदर वाचून कोणी भलतीच गोळी फेकून देईल अशी मला धास्ती आहे. ज्यांना हार्ट अटॅक येऊन गेलाय, स्टेंट बसवलाय, बायपास झालीय, किंवा मेंदूत गाठ अडकून अर्धांगवायू झालाय, त्यांनी ऍस्पिरिन किंवा तिच्या जोडीची गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही सोडायची नाही. तुम्ही दीडशेच्या गटातले आहात. १९८८ च्या ‘आयसिस-२’ चाचणीत १७,१८७ रुग्णांमध्ये ऐन अटॅकच्या वेळी दिलेल्या ऍस्पिरिनने पाच आठवड्यांतले मृत्यू जवळपास पाव हिश्श्याने घटवले होते. त्याच निबंधात संशोधकांनी मुद्दाम राशीनिहाय कोष्टकही दिलं: मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ऍस्पिरिनचा उपयोग दिसला नाही! आकड्यांचे हवे तसे तुकडे केले की हवं ते निघतं, हे दाखवायला केलेली ती थट्टा होती. ‘माझ्या प्रकृतीला अमुक गोळी मानवते’ म्हणणाऱ्यांना मी ती हमखास सांगते. दात काढताना किंवा ऑपरेशनआधी स्टेंटवाल्यांनी गोळी थांबवायची का, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. मधुमेह असलेल्यांचं गणित मधलं आहे. ब्रिटनमध्ये १५,४८० मधुमेहींवर सात वर्षांहून जास्त काळ चाललेल्या चाचणीत गंभीर प्रसंग ९.६ टक्क्यांवरून ८.५ वर आले, आणि मोठे रक्तस्राव ३.२ वरून ४.१ वर गेले. एका हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने जवळजवळ काढून घेतलं. तिथे समोर बसून बोलण्याला पर्याय नाही.

बाबांचं गमतीचं असं की ज्या गोळीचा फेरविचार करायला हवा ती त्यांनी धरून ठेवलीय, आणि जिच्याबद्दल निदान बोलायला हवं होतं ती सोडून दिली. स्टॅटिन, म्हणजे ती कोलेस्टेरॉलची गोळी. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १६२ आहे, ठळक छापलेल्या आकड्यांपैकी मला दखल घ्यावासा वाटणारा दुसरा हाच.

पोटऱ्या दुखतात म्हणाले ना? दुखत असणार. ते खोटं बोलत नाहीत. पण लंडनच्या इंपीरियल कॉलेजात झालेला एक प्रयोग त्यांना सांगा, त्यांना आवडेल. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेले ६० लोक निवडले. प्रत्येकाला बारा बाटल्या, एका महिन्याला एक. चार बाटल्यांत स्टॅटिन, चारांत तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, चार रिकाम्या. कोणत्या महिन्यात काय, तो क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा, आणि गोळी असली की ती खरी की खोटी हे कळायला मार्ग नाही. रोज फोनमधल्या ॲपवर त्रासाला शंभरपैकी मार्क द्यायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८ मार्क पडले. स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. आणि बिनऔषधाच्या गोळीला १५.४! त्रास खरा होता, दुप्पट होता, पण त्यातला नव्वद टक्के भाग ‘गोळी घेतली’ या जाणिवेचा होता. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं. स्वतःचेच मार्क स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर साठांतल्या तीस जणांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केली. पुढे २०२२ मध्ये १९ चाचण्यांतल्या सुमारे सव्वा लाख लोकांची माहिती तपासली गेली, तीत स्नायूंच्या तक्रारी स्टॅटिनवाल्यांत २७.१ टक्के आणि दुसऱ्या गटात २६.६ टक्के. उरलेला अर्धा टक्का खरा आहे. म्हणूनच डॉक्टरांनी बाबांना ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावू नये. सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारा रक्तातला घटक) आणि थायरॉइड बघता येतं, डोस कमी करता येतो, दुसरी स्टॅटिन देता येते. पंच्याहत्तरीच्या पुढे, हृदयविकार नसलेल्यांमध्ये, स्टॅटिनच्या फायद्याचा पुरावा विरळ होत जातो हेही सांगायला हवं. बाबा त्या उंबऱ्याजवळ आहेत. तेव्हा ‘घ्यायचीच’ असा माझा आग्रह नाही. गुपचूप सोडू नये, एवढा आहे.

निळ्या पाकिटातल्या गोळीबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय. मला ती ऍस्पिरिनपेक्षाही जास्त खटकते. ती आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकच्या जातीची असेल तर जठराच्या अस्तरावर दोन्हीकडून मारा चाललाय, शिवाय आयब्युप्रोफेन ऍस्पिरिनच्या कामात आडवी येते. अशा गोळ्यांनी ब्लडप्रेशर चढतं आणि मूत्रपिंडावर ताण पडतो, ते वेगळंच. गुडघ्यासाठी डॉक्टरांना विचारून साधं पॅरासिटामॉल, शेक आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, तोवर हे पाकीट बंद.

ब्लडप्रेशर ‘आटोक्यात’ आहे म्हणता, ते कसं मोजलेलं? घरचं मशीन असेल तर हात टेबलावर, हृदयाच्या पातळीत टेकवून मोजा. २०२४ च्या एका अमेरिकी अभ्यासात हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सरासरी ४ ने आणि लोंबता ठेवला तर साडेसहाने जास्त आला. तेवढ्यावर गोळ्या वाढतात.

आता ते पॅकेज. प्रयोगशाळा ‘नॉर्मल’ची हद्द बहुधा अशी आखतात की निरोगी माणसांतले ९५ टक्के आत बसावेत. म्हणजे प्रत्येक चाचणीत शंभरांतले पाच निरोगी लोक ठरवूनच बाहेर. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या तर ठणठणीत माणसाचाही निदान एक आकडा ठळक छापला जाण्याची शक्यता ६४ टक्के. ऐंशी चाचण्यांत सात ठळक निघणं ही बातमी नाही. युरिक ॲसिड ७.३ आहे. ते वाढल्याने होणाऱ्या गाउटमध्ये पायाचा अंगठा सुजतो, बाबांचा कधी सुजलेला नाही, सोडून द्या. सीआरपीवर ‘हृदयाला धोका: जास्त’ असं लाल अक्षरांत छापलंय, तुम्हीच लिहिता की त्या आठवड्यात त्यांना सर्दी-ताप होता. सर्दीतही सीआरपी वाढतो. व्हिटॅमिन डी २२: डॉक्टर सांगतील तेवढं घ्या, पण त्यावर झोप उडवू नका. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा, ६.३ आल्यामुळे मधुमेहाच्या उंबरठ्यावर म्हणून तुम्ही घाबरलात. लोह कमी असलं की हा आकडा खोटाच थोडा वर सरकतो. उपाशीपोटीची साखर ९८ आहे, तिच्यावर तूर्त भरवसा ठेवा आणि हिमोग्लोबिन भरून आलं की पुन्हा तपासा.

पाहा ना, ऐंशी आकड्यांच्या गर्दीत कामाचा आकडा दडून बसला, आणि तो सापडला तो जुन्या फाईलमुळे. सरसकट तपासण्यांचे १७ अभ्यास, अडीच लाखांवर माणसं, असा आढावा कोक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये घेतला. निरोगी माणसांच्या अशा तपासण्यांनी मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. ते अभ्यास युरोप-अमेरिकेतले आहेत. आपल्याकडे कित्येकांचं ब्लडप्रेशर आयुष्यात एकदाही मोजलेलं नसतं, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा इथे मी लावणार नाही. पण आपल्याला हवं ते ब्लडप्रेशर, साखर, हिमोग्लोबिन, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, आणि दरवर्षीचे आकडे एकाच वहीत. त्याला पॅकेज लागत नाही.

एमआरआयबद्दल दादाला दक्षिण कोरियाची गोष्ट सांगा. तिथे तपासण्यांच्या पॅकेजमध्ये मानेची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली आणि २०११ पर्यंत थायरॉइडच्या कॅन्सरचं निदान १९९३ च्या पंधरापट झालं. मृत्यू होते तेवढेच राहिले. जे कधीच त्रास देणार नव्हतं ते सापडलं, आणि हजारोंचे थायरॉइड काढले गेले. दादाची तळमळ खरी आहे, दूर राहणाऱ्याला पैसे पाठवण्यापलीकडे काही करता येत नाही याचा सल असतो. त्याला एमआरआयऐवजी दुसरं काम द्या. दुर्बिणीच्या तपासणीचा खर्च त्याच्याकडून घ्या आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांना वहीतले आकडे त्याला वाचून दाखवू द्या.

बाबांना समजवायचं कोणी, याचं उत्तर मला ‘कोणीच नाही’ असं सुचतं. तुम्ही समजवायला गेलात की ते गप्प बसतील आणि पुन्हा काहीतरी गुपचूप करतील. त्यांना गणित घाला. एका कागदावर ५७ आणि ५१ लिहा, खाली ८२० आणि ६७०. मग ३६१ आणि २६५. शेवटी १३.६ आणि १०.९, त्यावर तारखा. काही बोलू नका, पेन्सिल शेजारी ठेवा. चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेला माणूस वजाबाकी केल्याशिवाय राहणार नाही. मग त्यांनाच नव्या डॉक्टरांसाठी तीन प्रश्न लिहून काढायला सांगा: माझ्यासारख्या शंभर जणांत ही गोळी किती जणांना उपयोगी पडते, किती जणांना बाधते, आणि नाही घेतली तर काय? हे प्रश्न विचारणाऱ्या पेशंटचा चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याबद्दल मी इथे लिहीत नाही.

जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. चालू असलेल्या, सोडलेल्या, आईच्या डब्यातून अधूनमधून घेतात त्याही. निळं पाकीट आठवणीने. आणि त्याच्या मागच्या बाजूचा, बारीक अक्षरांतलं नाव वाचता येईल असा फोटो मला आजच पाठवा. फेरिटिन आणि दुर्बिणीचा रिपोर्ट आला की तोही कळवा.